सह्याद्रीच्या उतारावरचे घर: पाणी, ऊन आणि लाकूड यांच्या क्रमाने आखणी

मुळशी, मावळ, भोर, महाबळेश्वर किंवा आंबोलीच्या परिसरात डोंगरउतारावर पहिल्यांदाच घर बांधू पाहणाऱ्या माणसाच्या मनात बहुधा एक चित्र आधीच पक्के झालेले असते: दरीकडे तोंड केलेली काचेची भिंत, आत लाकडाचा उबदार रंग आणि समोर मावळणारा सूर्य. अशा चित्राची ओढ वाटणे स्वाभाविक आहे. पण घराची आखणी तिथूनच सुरू केली, तर उन्हाळ्यात एसीवर, पावसाळ्यात ओल काढण्यावर आणि दर एकदोन वर्षांनी लाकडाच्या दुरुस्तीवर खर्च होत राहतो. घराला किती वीज लागणार, याचा मोठा भाग ते जमिनीवर कुठे आणि कसे बसवले यावरच ठरून जातो. म्हणून आधी पाणी, मग ऊन आणि त्यानंतर लाकूड असा क्रम धरावा. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

पायरी १: जागा पावसाळ्यात पाहावी

जमीन विकणारे लोक जागा दाखवतात ती हिवाळ्यात, गवत सोनेरी झालेले असताना. घेणाऱ्याने मात्र जुलैच्या अखेरीस, चार दिवस संततधार लागून गेल्यावर तिथे जावे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण, २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळिये आणि १९ जुलै २०२३ रोजी खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेली. या तिन्ही तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत, म्हणजे माती पाण्याने भरून जड झालेली असते त्या दिवसांतल्या. उतारावरची माती आणि तिच्याखालचा खडक यांच्यामध्ये पाणी साचले, की वरचा थर खाली सरकू पाहतो, आणि पायथ्याशी कोणी जमीन कापून ठेवली असेल तर त्याचा आधारही गेलेला असतो.

अशा भेटीत पाहण्यासारख्या खुणा साध्या आहेत. झाडांचे बुंधे मुळाशी उताराच्या दिशेने वाकून मग सरळ वर गेले असतील, तर माती हळूहळू सरकते आहे असा संशय घ्यावा. जमिनीला आडव्या भेगा पडल्या आहेत का, जिथे उन्हाळ्यात कोरडे होते तिथे आता उमाळे फुटले आहेत का, मोठे धोंडे आणि माती यांचा एकत्र ढीग पूर्वी कधी खाली येऊन थांबलेला दिसतो का, हे पाहावे. वरच्या अंगाचे शेतकरी आणि गुराखी यांना पाणी कुठून उतरते हे नेमके माहीत असते. त्यांच्याशी अर्धा तास बोलणे हा या सगळ्या कामातील सर्वांत स्वस्त सल्ला आहे. शंका राहिलीच, तर भूगर्भतज्ज्ञाकडून तपासणी करून घेतल्याशिवाय व्यवहार पुढे नेऊ नये.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार १:५ किंवा त्याहून तीव्र उतारावर साधारणपणे बांधकाम करता येत नाही. म्हणजे पाच फूट आडवे गेल्यावर जमीन एक फूट किंवा त्याहून जास्त चढत असेल, तर ती जागा घरासाठी सोडून द्यावी. गवंड्याकडच्या पाण्याच्या नळीने हा उतार आपल्याला स्वतः मोजता येतो. सातबारा, बिनशेती परवानगी आणि झाडे तोडण्यासंबंधीचे नियम आधी तपासावेत. महाबळेश्वर-पाचगणी आणि माथेरान ही केंद्र सरकारने घोषित केलेली पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रे आहेत आणि तिथले निर्बंध अधिक कडक आहेत.

पायरी २: घर लांब आणि अरुंद ठेवावे

जागा पक्की झाल्यावर सर्वेक्षकाकडून समोच्च रेषांचा नकाशा करून घ्यावा. या रेषा म्हणजे समान उंचीचे बिंदू जोडणाऱ्या रेषा; गावोगावी डोंगरावर खोदलेले समतल चर याच रेषांना धरून असतात. घराची लांब बाजू या रेषांना समांतर ठेवावी आणि घराची रुंदी, म्हणजे उताराच्या दिशेतील माप, शक्य तितके कमी ठेवावे.

याचे कारण हिशेबाने स्पष्ट होते. समजा, उतार १:५ च्या अगदी जवळ आहे आणि ९०० चौरस फुटांची सपाटी करायची आहे. ३० बाय ३० फुटांची चौरस सपाटी केली, तर मागच्या आणि पुढच्या कडांमध्ये सुमारे सहा फुटांचा फरक येतो. मागे तीन फूट खोदून पुढे तीन फूट भराव घातला, तरी अंदाजे ६७५ घनफूट माती हलवावी लागते. तेवढेच क्षेत्रफळ ६० बाय १५ फुटांत बसवले, तर मागची खोदाई फक्त दीड फुटाची होते आणि माती निम्मीच, सुमारे ३४० घनफूट हलते. खोदाई जितकी उथळ, तितकी संरक्षक भिंत लहान आणि डोंगराला झालेली जखमही लहान. बाहेरच्या भिंतींची लांबी मात्र १२० फुटांवरून १५० फुटांवर जाते, हा वाढीव खर्च आधीच धरून ठेवावा.

तरीही मी नवख्या माणसाला अरुंद घराचाच आग्रह करतो, कारण माती वाचवणारे हे १५ फूट पुढच्या तीन प्रश्नांचीही उत्तरे देतात. एवढ्या रुंदीत दोन्ही बाजूंच्या खिडक्यांचा उजेड खोलीभर पोहोचतो, वारा एका बाजूने येऊन दुसऱ्या बाजूने निघून जातो, आणि १५ फुटांचे अंतर लाकडी तुळयांना फार जाड न होता पेलता येते.

घराची मागची भिंत डोंगराच्या मातीला टेकवू नये. जमिनीच्या पोटातील गारवा मिळेल या आशेने काही जण मागची खोली मातीत घुसवतात. कोरड्या प्रदेशात ते चालेल, पण जिथे वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस पडतो तिथे त्या भिंतीला चार महिने पाझर राहतो आणि खोलीला बुरशीचा वास लागतो तो जात नाही. घर आणि कापलेला उतार यांच्यामध्ये किमान तीन ते चार फुटांची मोकळी गल्ली ठेवावी, तिच्या तळाशी दगडी पन्हळ करावी आणि घराच्या वरच्या अंगाला आणखी एक चर खोदून डोंगराचे पाणी घराच्या दोन्ही बाजूंनी वळवून खाली सोडावे. संरक्षक भिंतीत पाणी निघून जायला भोके ठेवून तिच्या मागे खडीचा थर भरावा. भिंत पडते ती बहुतेक वेळा मातीच्या वजनापेक्षा तिच्यामागे अडलेल्या पाण्याच्या दाबाने.

पायरी ३: ऊन मोजावे

पुण्याच्या आसपासचे अक्षांश साडेअठरा अंश धरले, तर २२ डिसेंबरच्या सुमारास दुपारचा सूर्य दक्षिणेला क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो, २१ मार्चला ७१ अंशांच्या पुढे असतो आणि मेच्या मध्यावर थेट डोक्यावर येतो. दक्षिणेकडील खिडकी सांभाळणे त्यामुळे सोपे जाते. चार फूट उंचीच्या खिडकीच्या लगेच वर दोन फुटांचा छज्जा काढला, तर मार्चपासून सप्टेंबरपर्यंत भर दुपारचे ऊन खिडकीवर पडत नाही, आणि डिसेंबरात मात्र खिडकीच्या खालच्या पावणेदोन फुटांतून ते आत येऊन फरशी तापवते. महाबळेश्वरसारख्या सुमारे १,३५० मीटर उंचीवरच्या ठिकाणी हिवाळ्यातली ही ऊब हीटरचे काम पुष्कळ हलके करते.

खरा पेच पश्चिमेचा आहे. सह्याद्रीच्या कोकणाकडे तोंड केलेल्या उतारावर दरी पश्चिमेला, सूर्यास्त पश्चिमेला आणि पावसाची झडही नैर्ऋत्य-पश्चिमेकडूनच. अशा उतारावर घर समोच्च रेषेला समांतर ठेवले, की त्याची लांब बाजू आपोआप पश्चिमेला येते. माती वाचवणारा नियम आणि ऊन टाळणारा नियम इथे एकमेकांविरुद्ध उभे राहतात. निवड हातात असेल, तर दक्षिण किंवा पूर्व उताराची जागा घ्यावी. पश्चिम उतारच असेल, तर मी मातीची बाजू घेतो आणि पश्चिमेला पूर्ण लांबीची पडवी सुचवतो, कारण उन्हाला आडोसा करता येतो, पण कापलेला डोंगर पुन्हा जोडता येत नाही.

ही पडवी शोभेपुरती चार फुटांची असून भागत नाही. मार्च किंवा सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात, सूर्यास्तापूर्वी दोन तास, सूर्य क्षितिजापासून सुमारे २८ अंशांवर असतो. पडवी आठ फूट खोल आणि तिची वळचण जमिनीपासून सात फुटांवर असेल, तर त्या वेळी ऊन आतल्या भिंतीच्या फक्त खालच्या पावणेतीन फुटांपर्यंत पोहोचते. शेवटच्या तासाभरात मात्र ते सरळ आत शिरते, आणि त्यासाठी बांबूच्या चिकांचे पडदे लागतातच. कोकणात पावसाळ्याआधी पडवीच्या वाऱ्याकडच्या बाजूला झावळ्यांचे झाप बांधण्याची रीत आहे. त्याच जागी आज काढता-घालता येणाऱ्या लाकडी झडपांच्या चौकटी बसवता येतात, ज्या उन्हाळ्यात ऊन अडवतील आणि पावसाळ्यात झड. दरीचे दृश्य बसल्या जागेवरून, डोळ्यांच्या उंचीवर हवे असते. त्यासाठी पडवीच्या आत तीन फूट उंचीची आडवी, लांब खिडकी पुरते, जमिनीपासून छतापर्यंत काच लागत नाही.

पायरी ४: उजेड आत खोलवर न्यावा

भरपूर काच म्हणजे भरपूर उजेड, हा समज नवख्यांमध्ये फार पक्का असतो. प्रत्यक्षात एकाच बाजूला मोठी काच असलेल्या खोलीत काचेजवळ डोळे दिपतात आणि मागचा भाग त्या तुलनेत काळोखा वाटतो, म्हणून लोक भर दुपारी दिवा लावतात. खिडकीची वरची कड जमिनीपासून जितकी उंच असेल, त्याच्या सुमारे दोन ते अडीच पट अंतरापर्यंत कामापुरता उजेड पोहोचतो, असा ढोबळ नियम आहे. वरची कड सात फुटांवर असेल, तर १४ ते १७ फूट. आपल्या १५ फूट रुंद घरात एका बाजूच्या खिडक्याही जेमतेम पुरतात. दोन्ही बाजूंना खिडक्या दिल्या, तर सावल्या मऊ होतात आणि खोली सर्वत्र सारखी उजळते. खोल पडवीमुळे पश्चिमेचा उजेड कमी होतो, तो भरून काढण्यासाठी पूर्वेकडे किंवा डोंगराकडच्या गल्लीच्या बाजूला, छताच्या लगत अरुंद उंच खिडक्यांची ओळ ठेवावी. गल्लीच्या कठड्याला आणि दगडी भिंतीला पांढरा चुना दिला, तर तिथून परावर्तित होणारा उजेड आश्चर्य वाटावे इतका चांगला असतो.

लाकडाची आवड असणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी. चुन्याने रंगवलेले छत पडलेल्या उजेडापैकी सुमारे चार पंचमांश परत फेकते, तर तेल पाजलेला गडद साग जेमतेम एक पंचमांश. छत, चारही भिंती आणि जमीन असे सगळेच लाकडाचे केले, तर घर दिवसाही अंधारे होते आणि वाचवलेली वीज दिव्यांत जाते. लाकूड खांब, तुळया, दारे-खिडक्या आणि हाताला लागणाऱ्या जागा इथे असावे. तुळयांच्या मधले छत आणि मोठ्या भिंती फिकट असाव्यात. माजघरासारख्या मधल्या अंधाऱ्या जागेसाठी कौलारू छपरात दोनचार काचेची कौले बसवण्याची आपली जुनी युक्ती आजही उत्तम आहे, मात्र ती उत्तरेकडच्या पाख्यावर आणि मोजकीच असावीत, कारण उन्हाळ्यात डोक्यावरचा सूर्य त्यांतून थेट आत येतो.

आराखडा पक्का करण्यापूर्वी घराची पुठ्ठ्याची प्रतिकृती करावी, १ फुटाला अर्धा इंच या मापाची. खिडक्या खऱ्या जागी कापाव्यात, आतून प्रत्यक्षातल्यासारखे रंग द्यावेत, एका भोकातून आत पाहता येईल अशी सोय करावी आणि ती प्रतिकृती जागेवर नेऊन, खऱ्या दिशेला ठेवून, सकाळी, दुपारी आणि सूर्यास्तापूर्वी पाहावी. यासाठी दोन संध्याकाळी आणि थोडा पुठ्ठा लागतो, आणि चुकीची खिडकी कागदावर असतानाच सापडते.

उघडणाऱ्या भागाचा अंदाज घेण्यासाठी २०१८ च्या इको-निवास संहितेचा, म्हणजे घरांतील ऊर्जाबचतीसाठी केंद्र सरकारने केलेल्या नियमावलीचा, आधार घेता येतो: उष्ण-दमट हवामानात दारे-खिडक्यांचे प्रत्यक्ष उघडणारे क्षेत्र चटईक्षेत्राच्या किमान एक षष्ठांश, म्हणजे ९०० चौरस फुटांच्या घरात १५० चौरस फूट असावे. सरकत्या काचांची खिडकी निम्मीच उघडते, म्हणून तिचे निम्मेच क्षेत्र मोजावे.

पायरी ५: लाकूड निवडावे आणि वाळू द्यावे

त्याच जाडीच्या काँक्रीटच्या तुलनेत लाकडातून उष्णता सुमारे दहापट कमी वाहते, म्हणून लाकडी भिंत उन्हात पटकन तापून आत झळ देत नाही. पण लाकूड हलके असते आणि दगडासारखी उष्णता साठवून ठेवत नाही. फेब्रुवारी ते एप्रिलच्या कोरड्या दिवसांत घाटमाथ्यावर दुपार आणि पहाट यांच्या तापमानात मोठी तफावत असते, आणि ती सपाट करायला जड वस्तुमान लागते. म्हणून जोते, जमीन आणि डोंगराकडची भिंत काळ्या दगडाची किंवा जांभ्याच्या चिऱ्यांची, तर पुढचा आणि वरचा भाग लाकडाचा, अशी वाटणी या प्रदेशाला मानवते.

दारे-खिडक्यांच्या चौकटींसाठी साग अजूनही सर्वांत निश्चिंत करणारा आहे. तो कमी आकसतो आणि त्याच्यातील तेलकटपणामुळे वाळवी त्याच्या गाभ्याला सहसा लागत नाही. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा, आलापल्ली-बल्लारशा भागातला साग नावाजलेला आहे. पण सगळ्या घराला साग लागत नाही. कोकणात खांब आणि वाशांसाठी ऐन, किंजळ, नाणा ही झाडे पिढ्यान्पिढ्या वापरली जातात, आणि जुन्या फणसाचे पिवळे लाकूड दारे-कपाटांना सुंदर दिसते आणि टिकतेही. पडदे, कठडे, झडपा यांसाठी सिंधुदुर्गातला माणगा बांबू घ्यावा. तो जवळजवळ भरीव असल्यामुळे खिळा-स्क्रू धरतो, मात्र बोरॅक्स आणि बोरिक आम्लाच्या द्रावणात भिजवल्याशिवाय तो वापरू नये. हे द्रावण पावसाने धुऊन जाते, हे लक्षात ठेवून असा बांबू छपराखालीच ठेवावा.

जुन्या वाड्यांचे उतरवलेले लाकूड मिळाले तर मी तेच आधी पाहतो. ते शंभर पावसाळे पाहून वाळलेले असते आणि त्यासाठी नवे झाड पडत नाही. करवतीला लावण्यापूर्वी त्यातले खिळे शोधून काढण्याची मजुरी वेगळी द्यावी, आणि तुळईच्या भिंतीत गेलेल्या टोकाला सुरी टोचून पाहावी. कुजण्याची सुरुवात बहुधा तिथूनच झालेली असते.

नवे लाकूड घेताना पावती आणि वनखात्याचा वाहतूक परवाना पाहावा, आणि ओलावा मोजण्याचे छोटे यंत्र सोबत ठेवावे. लाकडातील ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला वाव मिळतो. सुतारकामाला १२ ते १५ टक्के योग्य. ओल्या लाकडाची चौकट मे महिन्यात बसवली, तर डिसेंबरात तिच्या सांध्यांत फटी दिसतात. म्हणून लाकूड घर सुरू होण्यापूर्वी वर्षभर आधी घ्यावे, कापून घ्यावे आणि सावलीत, वारा खेळेल अशा जागी, मध्ये पट्ट्या ठेवून रचून ठेवावे.

पायरी ६: लाकडाला पाणी लागू देऊ नये, लागलेच तर वाळू द्यावे

रसायनांपेक्षा घडणीतील बारकावेच लाकूड अधिक वाचवतात. खांब कधीही जमिनीत किंवा काँक्रीटमध्ये पुरू नये; वाड्यांतल्याप्रमाणे त्याच्या खाली दगडी तळखडा द्यावा, आणि पावसाचे शिंतोडे उडतात त्या उंचीच्या वर, म्हणजे जमिनीपासून दीड फुटावर लाकूड सुरू व्हावे. तुळयांची कापलेली टोके पाणी पितात, म्हणून ती वळचणीच्या आत ठेवावीत किंवा त्यांवर पत्र्याची टोपी घालावी. खिडकीचा उंबरठा बाहेरच्या बाजूला उतरता असावा आणि त्याच्या खालच्या अंगाला एक बारीक खाच पाडावी, म्हणजे पाणी भिंतीकडे न वळता तिथूनच गळून पडते.

छप्पर हा घराचा सर्वांत तापणारा आणि सर्वांत भिजणारा भाग. त्याचा उतार तीस अंशांच्या आसपास ठेवून पुढील क्रम धरावा: वाशांवर लाकडी फळ्या, त्यांवर पाणी अडवणारे पटल, त्यावर आधी वरून खाली जाणाऱ्या रिपा, मग त्यांवर आडव्या रिपा आणि शेवटी कौले. उभ्या रिपा गाळल्या, तर कौलांखाली झिरपलेले पाणी आडव्या रिपांवर अडून त्या कुजतात. त्या दिल्या, तर पाणी वाहून जाते आणि त्याच पोकळीतून गरम हवा आढ्याकडे वर निघून जाते. थोडक्या लाकडात घर कोरडेही राहते आणि गारही.

बाहेरच्या लाकडावर चकचकीत वार्निश लावण्याचा मोह टाळावा. उन्हाने त्याचे पापुद्रे निघतात, त्यांत पाणी शिरते आणि बाहेर पडू शकत नाही. जवसाचे तेल दरवर्षी पाजावे. पडवीच्या खांबांना आणि वाशांना कोकणात काजूच्या टरफलांचे तेल लावतात, ते रंगाने काळपट असले तरी कीड दूर ठेवते. हे तेल कातडी भाजते, त्यामुळे हातमोज्यांशिवाय कोणालाही त्याला हात लावू देऊ नये.

पायरी ७: बंद घराचा पावसाळा

अशी अनेक घरे आठवड्यातले पाच दिवस, किंवा सबंध पावसाळा, बंद असतात, आणि नेमके तेव्हाच त्यांचे सर्वाधिक नुकसान होते. दारे-खिडक्या घट्ट लावून मालक पुण्या-मुंबईला जातो आणि ऑगस्टमध्ये परततो, तेव्हा गाद्यांना, कपाटांच्या पाठींना आणि तुळयांना पांढरी बुरशी आलेली असते. म्हणून प्रत्येक खोलीत जमिनीलगत एक आणि छतालगत एक, अशा कायम उघड्या राहणाऱ्या, जाळी बसवलेल्या लाकडी झरोक्यांची जोडी ठेवावी. त्यांवर वळचण असावी आणि ते शक्यतो पूर्वेकडे असावेत. कपाटे भिंतीपासून दोन-तीन इंच दूर उभी करावीत. हवा सतत हलत राहिली, तर ओल शोषणारे विजेचे यंत्र बहुतेक वेळा लागत नाही.

एवढे झाल्यावर यंत्रांचा विचार करावा: पाणी तापवण्यासाठी सौर बंब, आणि छपराच्या दक्षिण पाख्यावर सावली नसेल तर सौर पॅनेल. एक किलोवॉटच्या पॅनेलमधून महाराष्ट्रात वर्षाच्या सरासरीने दिवसाला सुमारे चार युनिट वीज मिळते, पण घाटमाथ्यावरच्या धुक्यात जुलै-ऑगस्टमध्ये ती बरीच घटते. गरजेचा हिशेब त्या दोन महिन्यांवरून करावा.

देखभालीचे वेळापत्रक मृग नक्षत्राला बांधून घ्यावे. मेच्या अखेरीस वरचा चर आणि मागची पन्हळ पालापाचोळा काढून मोकळी करावी, सरकलेली कौले नीट बसवावीत, पडवीच्या झडपा लावाव्यात. दसऱ्यानंतर, ऊन स्थिर झाले की झडपा उतरवून पुसाव्यात, तळखड्यांपाशी वाळवीची मातीची नळी दिसते का ते पाहावे, आणि लाकूड पूर्ण कोरडे झाल्यावरच, म्हणजे साधारण नोव्हेंबरात, त्याला तेल पाजावे.